सागर परिक्रमा : मार्गनिवड

सागर परिक्रमा : मार्गनिवड. शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा करण्यासाठी वारे, सागरी प्रवाह, ऋतू आणि आसऱ्याची बंदरे यांचा मेळ घालून मार्ग आखणे. भारतीय नौदलाने 2009 पासून मुंबई व गोवा येथून काढलेल्या अशा मोहिमांमुळे ‘सागर परिक्रमा’ हे नाव रूढ झाले.

निकष : नौकेने निघाल्या बंदरी परतावे, सर्व रेखावृत्ते व विषुववृत्त ओलांडावे आणि किमान 21,600 सागरी मैल (सुमारे 40,000 किमी.) अंतर कापावे, अशी अपेक्षा असते. 360 अंशांच्या प्रत्येकी 60 कला धरल्या, की हा आकडा येतो. सागर परिक्रमेत सुएझ व पनामा कालवे वर्ज्य मानतात. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचे केप ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न आणि आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप या तीन भूशिरांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो.

वारे व दिशा : दक्षिण गोलार्धात 40° अक्षांशाच्या पलीकडे पश्चिमी वाऱ्यांना अडवणारी जमीन फारशी नाही. ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ या पट्ट्यांत ते वर्षभर जोराने वाहतात; म्हणून प्रदक्षिणा पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात. भारतातून निघालेली नौका विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा ओलांडते, आग्नेय व्यापारी वारे अंगावर घेत दक्षिणेला उतरते आणि पश्चिमी वारे मिळाल्यावर पूर्वेकडे वळते. पृथ्वी गोल असल्याने जितके दक्षिणेला जावे तितके अंतर घटते. पण थंडी, उंच लाटा आणि हिमनगांचा धोका वाढतो. किती दक्षिणेला उतरायचे हा कप्तानाचा सर्वांत जोखमीचा निर्णय असतो.

ऋतू : भारतीय परिक्रमेचे वेळापत्रक दोन ऋतूंनी बांधलेले आहे. केप हॉर्न सुमारे 56° दक्षिण अक्षांशावर असून ते दक्षिणेकडील उन्हाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत, गाठणे इष्ट असते. दुसरी मर्यादा घरच्या पावसाळ्याची. जालना जिल्ह्यातला शेतकरी कपाशीच्या लागवडीसाठी जूनमध्ये ज्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांची वाट पाहतो, तेच वारे अरबी समुद्र खवळण्यापूर्वी नौकेने बंदरात पोहोचलेले बरे. नौदलाच्या ‘तारिणी’ नौकेने जानेवारी 2018 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये केप हॉर्न ओलांडले, दोन्ही वेळा ती मे महिन्यात गोव्यात परतली.

थांबे : फ्रीमँटल (ऑस्ट्रेलिया), लिटलटन (न्यूझीलंड), पोर्ट स्टॅनली (फॉकलंड बेटे) आणि केप टाऊन (दक्षिण आफ्रिका) हे चार थांबे आता जवळजवळ ठरून गेले आहेत. लिटलटन ते पोर्ट स्टॅनली हा टप्पा सर्वांत कठीण. त्यात दक्षिण पॅसिफिकचे निर्मनुष्य पाणी आणि केप हॉर्न दोन्ही येतात. केप टाऊनहून परतताना अगुल्हास प्रवाहाचा विचार करावा लागतो. हा वेगवान प्रवाह नैऋत्येकडे वाहतो आणि समोरून जोराचा वारा आला, की उभ्या, धोकादायक लाटा उठतात. आयत्या वेळी वळता येईल असे बंदरही हेरून ठेवावे लागते : 2018 मध्ये सुकाणू यंत्रणेतील बिघाडामुळे ‘तारिणी’ला मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये थांबावे लागले.

पर्यायी मार्ग : हौशी दर्यावर्दी बहुधा व्यापारी वाऱ्यांचा उबदार मार्ग घेतात. तो पश्चिमेकडे जातो : युरोप, कॅरिबियन बेटे, पनामा कालवा, दक्षिण पॅसिफिकमधील बेटे, टोरेस सामुद्रधुनी, हिंदी महासागर. त्यात चक्रीवादळांचे महिने टाळणे महत्त्वाचे. तांबड्या समुद्रातली वाट असुरक्षित झाल्याने अनेक जण केप ऑफ गुड होपकडून जातात.

भारतीय परंपरा : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968–69 मध्ये जगातील पहिली एकट्याने, विनाथांबा प्रदक्षिणा ज्या ‘सुहेली’तून केली, ती सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. ‘तृष्णा’ नौकेतून भारतीय लष्कराच्या चमूने 1985–87 मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली. एकट्या भारतीयाने हे साधावे, हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ आणि पुढे ‘तारिणी’ घडली. ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये चार थांबे घेऊन, तर अभिलाष टॉमी यांनी 2012–13 मध्ये विनाथांबा परिक्रमा केली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017–18 मध्ये, तर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 2024–25 मध्ये ‘तारिणी’तून हाच मार्ग पार केला. लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही सेनादलांतील महिलांचा चमू सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईहून ‘त्रिवेणी’ नौकेतून याच वाटेने निघाला. दोंदे यांनी एकट्याने पारखलेली ही वाट आता पुढच्या चमूंसाठी अनुभवाचा भक्कम आधार झाली आहे.