बराकीची शाळा : एका जुन्या फोटोचा शोध



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी वस्तीतल्या घराघरांतून जुने फोटो गोळा करायचे काम आम्हा कार्यकर्त्यांकडे आले. फोटो पुष्कळ मिळाले. त्यातल्या एका फोटोने मात्र आम्हाला तीन रविवार कामाला लावले. त्याची हकीकत सर्वांना कळावी म्हणून हा लेख.

फोटोत सात तरुण ओळीने उभे आहेत. त्यातले डावीकडून तिसरे त्या घरचे आजोबा, गिरणीत थ्रॉसल खात्यात कामाला होते. पाठीमागे लांबच लांब, बैठी, उतरत्या छपराची इमारत. एका टोकाला लाकडी पाटी आहे, पण फोटो नेमका तिथेच दुमडून फाटलेला. पाटीवरच्या नावातली 'जी' आणि 'ई' ही शेवटची दोन इंग्रजी अक्षरं तेवढी उरली आहेत. मागच्या बाजूला पेन्सिलीने '१९४७' लिहिलेलं.

घरच्यांचं म्हणणं, आजोबा लढाईत होते आणि ही पलटणीची छावणी. असं वाटणं साहजिक आहे. १९४१ साली बेळगावला महार पलटण उभी राहिली, आपल्या समाजातली कितीतरी पोरं भरती झाली. इमारतही बघावी तर बराकीसारखीच. फोटोखाली 'सैनिक' असं छापा, असा घरच्यांचा आग्रह होता.

पण आम्ही फोटो भिंगाखाली धरला. एकाच्याही अंगावर वर्दी नाही. कुणी कोट घातलाय, कुणी धोतर, पायात चपला, आणि चौघांच्या काखेत पुस्तकं. लढाई १९४५ लाच संपलेली. छपराच्या मागे लोखंडी खांब आणि त्यावरून गेलेल्या तारा दिसतात. गिरणगावात जन्म काढलेल्या माणसाला त्या तारा सांगाव्या लागत नाहीत. त्या विजेच्या लोकलच्या. चर्चगेटच्या लाईनीवर विजेची गाडी १९२८ साली सुरू झाली. बेळगावात तेव्हा अशी गाडी नव्हती. म्हणजे जागा मुंबईतली आणि रुळाजवळची.

शेवटचा धागा दिला तो आजोबांच्या थोरल्या लेकीने. आत्याबाई आता पंच्याऐंशी पार केलेल्या. त्या म्हणाल्या, "दादा मध्यरात्री दुसरी पाळी संपवून यायचे. दोन घटका पडायचे, की पहाटे पुस्तकं घेऊन बाहेर. आई विचारायची कुठं निघालात, तर म्हणायचे, बराकीच्या शाळेत." घरच्यांनी हे नाव पूर्वीही ऐकलं होतं, पण बराक म्हटलं की पलटण, असाच अर्थ सगळे घेत आले. आत्याबाईंच्या सांगण्यावरून ट्रंक उपसली, तेव्हा फीची पावती सापडली. त्यावर नाव स्वच्छ होतं : सिद्धार्थ कॉलेज. पाटीवरची 'जी' आणि 'ई' ही 'कॉलेज' या शब्दाची शेवटची अक्षरं होती!

आजच्या मुलांना सिद्धार्थ कॉलेज म्हटलं की फोर्टातलं आनंद भवन, बुद्ध भवन आठवतं. पण कॉलेजचा जन्म तिथला नाही. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, ते मरीन लाईन्सच्या लष्करी बराकींत. लढाई संपल्यावर रिकाम्या झालेल्या त्या शेड. प्राचार्य मात्र नेमले ते अ. बा. गजेंद्रगडकर, एल्फिन्स्टन कॉलेजात प्राचार्य राहिलेले विद्वान. छप्पर बराकीचं चालेल, शिकवणारा माणूस पहिल्या प्रतीचाच पाहिजे, हा बाबासाहेबांचा हिशोब त्यातून दिसतो.

वर्ग सकाळी भरत. पोटासाठी नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावं म्हणून ही व्यवस्था. आता याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. त्याच १९४६ साली फॅक्टरी कायदा दुरुस्त झाला आणि कामाचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते विधेयक मजूर खात्याचे सदस्य म्हणून बाबासाहेबांनीच मांडलं होतं. एका हाताने कामगाराचे तास कमी केले आणि दुसऱ्या हाताने त्या मोकळ्या तासांत कॉलेजचं दार उघडलं. आम्ही स्वतः पाळ्या केल्या आहेत. दिवसाकाठी एक तास सुटणं म्हणजे काय, हे साच्यावर उभं राहिलेल्यालाच कळेल.

तेही कुठल्या काळात? विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, ते उष्टं होईल म्हणून! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. ज्याच्या तोंडचं सूत चालत नव्हतं, तो माणूस इंग्रजी पुस्तकं काखेत घेऊन कॉलेजच्या पाटीखाली उभा आहे. या फोटोचं मोल हे आहे.

आजोबा इंटरपर्यंत शिकले. पुढे संसार वाढला, कॉलेज सुटलं. त्याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. त्यांची पणती यंदा बारावीला आहे. "आपल्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली," असं ती मैत्रिणींना सांगायची. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पहिली नाही, दुसरी."

आम्ही मरीन लाईन्सला जाऊन आलो. बराकींचा मागमूस नाही. कोनशिला नाही, फलक नाही. दगडी इमारतीचा इतिहास दगड सांगतो. पत्र्या-लाकडाच्या शेडचा इतिहास माणसांनीच सांगावा लागतो. आपल्या चळवळीच्या कितीतरी जागा अशाच होत्या : भाड्याची खोली, चाळीचा व्हरांडा, मैदानातला मांडव. त्या पाडायला वेळ लागला नाही आणि विसरायला तर त्याहून कमी.

म्हणून सर्व उपासक-उपासिकांना विनंती. ट्रंकेतले, माळ्यावरचे फोटो खाली काढा. माणसांचे चेहरे बघताच, पण मागची भिंत, पाटी, खांबही बघा. घरात म्हातारं माणूस आहे तोवर त्यांच्यापुढे फोटो ठेवून विचारा, आणि कोण, कुठे, केव्हा हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. शाईने लिहू नका, ती पुढे उमटते. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो, तिथे घेऊन या.

हा फोटो याच अंकात छापला आहे. त्याखाली 'सैनिक' हा शब्द नाही. 'सिद्धार्थ कॉलेजचे विद्यार्थी, मरीन लाईन्सच्या बराकी, १९४७' असं लिहिलं आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!