अर्धशिशी : हर्णेच्या किनाऱ्यावरून डोकेदुखीचा इतिहास

१/ हर्णे म्हटले की सुवर्णदुर्ग आठवतो, आंग्र्यांचे आरमार आठवते, एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने दुर्गावर केलेला तोफांचा मारा आठवतो. तोफांच्या नोंदी दप्तरांत राहिल्या. त्याच किनाऱ्यावर अंधाऱ्या माजघरात डोके आवळून पडलेल्या बाईची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. तिच्या दुखण्याचे नाव तेवढे भाषेने जपले : अर्धशिशी.

२/ अर्धशिशी म्हणजे अर्ध्या डोक्याचे दुखणे. गंमत अशी की, दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने वापरलेल्या 'हेमिक्रेनिया' या संज्ञेचा अर्थही 'अर्धे डोके' असाच होतो आणि तीच झिजत झिजत 'मायग्रेन' झाली. दोन दूरच्या भाषांनी एकाच खुणेवर बोट ठेवले. अर्थात दुखणे दर वेळी अर्ध्याच डोक्यात असते असे नाही. ते दोन्ही बाजूंनाही असू शकते.

३/ सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यातील 'अर्धावभेदक' आपल्या अर्धशिशीच्या सर्वांत जवळचा. तो कधी दहा दिवसांनी, कधी पंधरवड्याने, तर कधी अकस्मात उद्भवतो, असे वर्णन आहे. झटके येतात, जातात आणि पुन्हा येतात, हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते. दुसरा प्रकार 'सूर्यावर्त' : सूर्य चढेल तशी वेदना चढते, तो मावळतीला लागला की ओसरते.

४/ सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा घरगुती उपाय अनेकांनी ऐकला असेल. माझ्या मते त्यामागे हीच सूर्यावर्ताची कल्पना असावी. जिलेबीत औषधी गुण शोधण्याचे कारण नाही. पण उपाशीपोटी राहिल्याने अनेकांची अर्धशिशी चाळवते, हे खरे आहे. पहाटे पोटात काही गेले म्हणून कुणाला आराम पडला असेल, तर नवल नाही.

५/ कोकणातल्या घरांत सहाणेवर सुंठ किंवा जायफळ उगाळून कपाळावर लेप देत. पुढे किनारी आगबोटी हर्णे बंदरात थांबू लागल्या, चाकरमानी पडावांतून ये-जा करू लागले आणि मुंबईच्या वस्तू गावोगाव पोहोचल्या. त्याच मुंबईत १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी अमृतांजन बाजारात आणले. या मलमाच्या कमाईवर त्यांनी १९०८ साली मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' सुरू केली! खंडाळ्याच्या घाटातील जुन्या पुलालाही लोकांनी जाहिरातीवरून 'अमृतांजन पूल' म्हटले. तो एप्रिल २०२० मध्ये पाडला. असल्या मलमांतील मेन्थॉलसारखी द्रव्ये कपाळाला गारवा देतात. झटक्याचे मूळ कारण त्यांनी जात नाही.

६/ १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत शुद्ध ॲस्पिरिन तयार झाले. १८९९ पासून ते विकले जाऊ लागले. वेदना गोळीने थांबू लागली आणि एक नवे दुखणे जन्मले. आधीच डोकेदुखी असलेल्या माणसाने महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या आणि हे काही महिने चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. संयुक्त गोळ्यांना १० दिवसही पुरतात. इतिहासातील हा उपरोध मला सर्वांत बोचतो.

७/ विसाव्या शतकात बराच काळ रक्तवाहिन्या फुगल्याने अर्धशिशी होते, असा समज प्रबळ होता. आता तिच्याकडे मेंदू आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी मज्जातंतूंची यंत्रणा यांचा विकार म्हणून पाहतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुप्पट-तिप्पट आढळतो. म्हणजे माजघरातील त्या बाईचे दुखणे 'नाटक' नव्हते.

८/ हर्णेच्या उन्हात, लाटांवरून परतणाऱ्या तिरिपीत दिवसभर उभे राहणाऱ्यांसाठी : पाणी, वेळेवर जेवण, पुरेशी झोप, डोक्यावर सावली. दुखणे कधी आले, आधी काय खाल्ले, किती गोळ्या घेतल्या, हे वहीत लिहावे. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते. परंतु क्षणार्धात शिगेला पोहोचणारी वेदना, तापासह आखडलेली मान, अडखळणारी वाचा, हातापायांतील अशक्तपणा, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर वही, लेप, जिलेबी सारे बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना लवकर दाखवावी.