उघड्या खिडकीचे माप

धान्याला शेर-पायली, कापडाला वार, सोन्याला तोळा. पण भिंतीने, गालिच्याने किंवा माणसाच्या अंगरख्याने किती आवाज गिळला हे कशाने मोजायचे? शास्त्राने याला पहिले माप दिले ते चक्क उघड्या खिडकीचे! खिडकीतून बाहेर पडलेला आवाज खोलीत परत येत नाही. म्हणजे तो पुरता गिळला गेला, असा त्यामागचा साधा हिशेब.

हा हिशेब मांडणारा वॉलेस सॅबिन हा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण प्राध्यापक. १८९५ साली तिथल्या नव्या संग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि तेवढ्यात पुढचे दहाबारा शब्द त्यावर येऊन आदळत. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या उसन्या आणल्या. रात्री रस्ता निजला की त्या वाहून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची, घुमारा विरेपर्यंतचे क्षण मोजायचे आणि पहाटेच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. आमच्याकडे लग्नघरी उसन्या आणलेल्या सतरंज्या इतक्या इमानाने परत गेल्याचे ऐकिवात नाही. पण कोणाच्या गाद्या कशा भरलेल्या, याचा नेम नसतो. उघडी खिडकी मात्र जगात कुठेही सारखीच, म्हणून माप तिचे ठरले. त्याच मापाने बसलेला एक माणूस सुमारे पाच चौरस फूट खिडकीइतका आवाज गिळतो, असे निघाले.

आता तापीकाठी येऊ. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध. गाव आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्याआधी तो धुळ्यात आणि त्याहीपूर्वी पश्चिम खानदेशात होता. अशा यात्राजत्रांतून महाराष्ट्रभर फिरत्या सिनेमाचे तंबू लागत. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मध्ये दोरी, खाली माती. पडद्यामागे कर्णा आणि भोवती नुसते कापड. तंबू म्हणजे चहूबाजूंनी उघडलेली एक भली मोठी खिडकीच! त्यामुळे तिथे शब्द घुमत नसे, नायिकेचे बोलणे स्वच्छ कानी पडे. पण आवाज बाहेर वाहून जाई, म्हणून कर्णा ओरडता ठेवावा लागे. तिकीट न काढलेल्यांचीही निम्मी करमणूक त्यात होऊन जाई.

पक्क्या इमारतींचे दुखणे उलटे होते. मूकपटाच्या दिवसांत दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तरी बिघडत नसे. पेटीवाला जरा जोराने वाजवी, एवढेच. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि खिडकी हा वादाचा विषय झाला. उघडावी तर टांग्याचा खडखडाट आत, मिटावी तर घुमारा वाढलेला आणि खानदेशी उन्हाळ्यात जीव कासावीस. माझ्या मते बोलपटाचा खरा तह झाला तो या हवेशी.

तोच तंटा आता घरात आला आहे. दिवाणखान्यात मोठा पडदा, तीन ध्वनिक्षेपक समोर, दोन बाजूंना, आणि एका भिंतीला खिडकी. मिटलेली काच उंच, तीक्ष्ण स्वर जसेच्या तसे परत फेकते. समोरच्या भिंतीवर पुस्तकांचे कपाट असले तर एका कानाला खणखणीत आणि दुसऱ्याला मऊ ऐकू येते. म्हणून खिडकीवर जाड, भरपूर चुण्यांचा पडदा हवा. पातळ पडदा नुसती शोभा. जाड पडद्यालाही ढोलाचा घुमघुमाट आवरत नाही, आणि बाहेरचे फटाके तर मुळीच नाहीत. समोरचे डावे-उजवे ध्वनिक्षेपक बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आणि त्याच्यापासून सारख्या अंतरावर असावेत. मधला पडद्याला लागून, कारण संवाद तिथूनच येतात. खुर्च्या मागच्या भिंतीला टेकवू नयेत, तिथे खर्ज फुगतो. जुन्या धाब्याच्या घरातली मातीची भिंत, खाटेवरच्या गोधड्या आणि कोपऱ्यातली धान्याची पोती हे काम कोणी न सांगता करीत.

खोली रिकामी असताना आवाज जुळवून ठेवणाऱ्यांची मात्र मला गंमत वाटते. भाऊबीजेला आठ माणसे येऊन बसली की चाळीस चौरस फुटांची खिडकी उघडल्यासारखे होते, आणि सकाळी जुळवलेला आवाज संध्याकाळी वेगळाच लागतो. तेव्हा जुळवणी करायची ती सगळे बसल्यावर, आणि ज्या आजीला कमी ऐकू येते तिची खुर्ची बरोबर मधोमध ठेवून.