पाण्याच्या तळाशी पडलेले दप्तर

नदीला आपण माता म्हणतो आणि तिची ओटी भरतो. खण-नारळाबरोबर एखादे नाणेही पाण्यात सोडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती मागे टाकून काटेवाडी, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी मजल-दरमजल करीत इंदापुराकडे जाते. पुढे सराटीस नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते. हीच नीरा नरसिंगपुरास भीमेला मिळते आणि पंढरीस दोघींचे पाणी चंद्रभागा ह्या नावाने वाहते. ह्या सबंध वाटेवर किती पिढ्यांच्या हातांनी पाण्यात काही ना काही सोडले असेल! त्यांतली फुले कुजली, नारळ वाहून गेले. पण धातू तळाशी गेला आणि गाळात रुतून राहिला. नदीचा तळ हे म्हणूनच एक दप्तर आहे. फरक इतकाच, की पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात आणि हे दप्तर वाळूच्या थरांत बांधलेले आहे.

आज हे दप्तर उघडण्याचे एक नवे साधन निघाले आहे. डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात श्वासाची आखूड नळी, म्हणजे स्नॉर्कल, आणि हातात पाण्यात चालणारा मेटल डिटेक्टर एवढी सामग्री घेऊन हौशी माणसे जगभर नद्या, तलाव आणि समुद्रकिनारे धुंडाळतात. कोणाची हरवलेली अंगठी सापडते, तर कोणाला जुने नाणे मिळते. ह्या साधनाला काय कळते, काय कळत नाही, आणि ते हाती आल्यावर आपली जबाबदारी कोणती, एवढाच आजचा विषय आहे.

मुळात पाण्यातला धातू शोधणे ही नवलाई नव्हे. आपल्याकडचे झारेकरी हेच काम करीत आले. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, स्मशानघाटावरची राख आणि नदीची रेती पाण्यात घोळून घोळून ते सोन्यारुप्याचे कण वेगळे काढीत. त्यांचे शास्त्र साधे आणि बिनचूक होते. सोने पाण्याच्या एकोणीसपटींहून जड, चांदी सुमारे साडेदहापट, आणि वाळू जेमतेम अडीचपट; तेव्हा घोळताना वाळू वाहून जायची आणि धातू तळाशी बसायचा. घाटावरची पोरे दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात, तीही ह्याच परंपरेतली म्हणावी लागतील. मात्र चुंबक लागतो तो आजच्या नाण्यांना. आपल्याकडे १९८८ पासून स्टेनलेस स्टीलची नाणी निघू लागली, त्यांना तो ओढतो. शिवराईचे तांबे किंवा जुन्या रुपयाची चांदी त्याच्या शेजारून गेली, तरी त्याला तिची खबरही लागत नाही.

तांब्या-चांदीची खबर लागण्यासाठी विजेचे साहाय्य घ्यावे लागले. त्याची कथा मोठी करुण आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात राहिली आणि ती कोठे आहे हे डॉक्टरांना उमगेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने तारेच्या वेटोळ्यांचे एक यंत्र तयार केले; धातूजवळ येताच त्यात आवाज होई. पण अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्राची दिशाभूल केली. शिवाय गोळी ज्या बाजूस असावी असे डॉक्टरांनी ठरवले होते, तेवढीच बाजू तपासू दिली गेली. गोळी दुसऱ्याच बाजूस होती. १९ सप्टेंबरला अध्यक्ष निवर्तले. यंत्र ऐकते ते धातूचे, पण कोठे ऐकायचे हे माणूस ठरवतो, हा धडा ह्या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की याने सुरुंग शोधण्याचे हातातले यंत्र सिद्ध केले आणि १९४२ साली एल अलामीनच्या रणांगणावर ते वापरले गेले. युद्ध संपल्यावर अशी यंत्रे सामान्य माणसाच्या हाती आली. त्यांचे तत्त्व असे: वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला, की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह फिरू लागतात आणि ते वेटोळ्याला ओळखता येतात. गोड्या पाण्यात हे सुरळीत चालते. समुद्राचे खारे पाणी स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून तेथे यंत्र गोंधळते. त्यावर उपाय म्हणून विजेचे क्षणिक ठोके देऊन, प्रत्येक ठोका सरल्यानंतर कानोसा घेणारी यंत्रे निघाली. पाण्यातला प्रवाह लवकर विरतो, धातूतला किंचित मागे रेंगाळतो. तथापि नाण्याएवढी वस्तू वीत-दीड वीत गाळाखाली असेल, तरच यंत्राला तिचा सुगावा लागतो.

मास्क आणि नळीचीही मर्यादा आहे. पाण्यात उघडा डोळा धूसर पाहतो. मास्कमुळे डोळ्यापुढे हवा राहते आणि स्पष्ट दिसते, मात्र वस्तू एक-तृतीयांशाने मोठी आणि चतुर्थांशाने जवळ भासते. नळी लांब केली म्हणून खोल जाता येत नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि मीटरभर खोलीवरच छातीला वरची हवा ओढणे जड जाते. म्हणून ह्या शोधकाचे क्षेत्र म्हणजे उथळ पाणी: घाटाच्या पायऱ्या, नदीचा उतार, तलावाचा काठ, किनाऱ्याजवळचा खडक. योगायोग असा, की माणसाचा वावरही ह्याच ठिकाणी सर्वांत अधिक झाला आहे.

आता हे शोधणे इतिहासाच्या उपयोगी केव्हा पडते ते पाहू. १९६० साली जॉर्ज बास ह्या तरुण अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने तुर्कस्तानच्या केप गेलिदोन्याजवळ, स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी दाखवलेल्या जागी, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या काळातल्या एका जहाजाचे अवशेष स्वतः बुड्या मारून तपासले. तेथे तांब्याच्या लगडी होत्या. त्या भराभर वर ओढण्याऐवजी त्याने आधी प्रत्येक वस्तूची जागा मोजली, नकाशा काढला, आणि मग वस्तू हलवली. जमिनीवरच्या उत्खननाची शिस्त पाण्याखाली नेता येते, हे तेव्हा सिद्ध झाले.

आपल्या देशात हे काम प्रामुख्याने गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केले. ही संस्था १९६६ सालची, डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने तेथे सागरी पुरातत्त्वाचा अभ्यास रुजला. गोव्याच्या समुद्रात सुंची रीफ नावाचा खडक आहे. तेथे उथळ पाण्यात सतराव्या शतकाच्या प्रारंभीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा होत्या, तसेच हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि मर्तबानी रांजणांचे तुकडेही होते. एका खडकापाशी आफ्रिका, चीन आणि युरोप असे एकत्र आलेले दिसतात, आणि गोव्याच्या बंदराचे व्यापारी विश्व आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते.

पण हे विश्व उभे करणाऱ्या वस्तूंपैकी मेटल डिटेक्टरला ऐकू आले असते ते कशाचे? फक्त तोफांचे. दंत, दात, भांडी, रांजण ह्यांच्यावरून तो मुकाट्याने पुढे गेला असता. जवळच्याच सेंट जॉर्ज रीफवर तर कौले आणि मातीच्या वस्तू सापडल्या. त्यांवर बाझेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ असा छाप आहे. तो कारखाना मंगळूरला त्याच साली निघाला. म्हणजे जहाज १८६५ च्या आधी बुडालेले असू शकत नाही, हे मातीच्या एका कौलाने सांगितले. केवळ धातूच्या मागे लागलेला शोधक अशी कौले बाजूला सारून पुढे गेला असता, आणि त्या जहाजाची जन्मपत्रिका त्याच्या हातून निसटली असती.

विजयदुर्गाची गोष्टही अशीच. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून विजयदुर्गावर हल्ला चढवला. इंग्रजांकडून आंग्र्यांनी पूर्वी जिंकून घेतलेल्या एका जहाजाला आग लागली, ती पसरली, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. नानासाहेब पेशवे ह्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूस होते. घरच्या भांडणात आपण आपलेच आरमार परक्याच्या तोफांपुढे दिले, हे शल्य मराठी मनात अजून आहे. त्याच विजयदुर्गाच्या पाण्यात संशोधकांना किल्ल्यालगत पाण्याखालची भिंत आणि दगडी नांगर आढळले. नांगर दगडाचे आणि भिंतही दगडाची. येथेही यंत्र गप्पच राहिले असते.

जागेची नोंद गेली म्हणजे काय होते, ह्याचे मोठे उदाहरण आपल्या घरातले आहे. ते पाण्यातले नसले, तरी नदीकाठचे आहे. १९७४ साली प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबाद येथे, एका शेतकरी माणसाला झुडपाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशा चार काशाच्या मूर्ती मिळाल्या. सर्वांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. दायमाबादचे शास्त्रशुद्ध उत्खननही झाले; परंतु ह्या मूर्ती त्या उत्खननात, नोंदलेल्या थरात सापडल्या नव्हत्या. म्हणून त्या उत्तर-हडप्पा काळातल्या की पुष्कळ नंतरच्या, ह्यावर विद्वानांत वाद पडला. मूर्ती शाबूत आहेत, धातूचे पृथक्करण झाले आहे, पण त्या जेथे पडल्या होत्या तेथील मातीची साक्ष मात्र मिळू शकत नाही. वस्तू हाती असूनही तिचा काळ हातचा गेला, तो असा.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने जमवली आणि त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. कागद कोणाच्या घरचा, कोणत्या दप्तरातला, हे कळले तर त्याचे मोल. नाहीतर तो रद्दीचा तुकडा. धातूच्या वस्तूलाही हाच न्याय लावला पाहिजे. तांब्याचे नाणे मोडीत घातले तर त्याचा भाव वजनावर ठरेल. ते कोणत्या घाटाच्या कितव्या पायरीशी, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने पडले होते, हे ठाऊक असेल तर ते यात्रेचा, व्यापाराचा, एखाद्या राजवटीच्या विस्ताराचा पुरावा होईल.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातला भीमेचा काठ पाण्याखाली घेतला. जुने पळसदेव त्यांतलेच. तेथील पळसनाथाचे प्राचीन देऊळ एरवी पाण्यात असते आणि दुष्काळी उन्हाळ्यात जलाशय ओसरला की वर येते. मग माणसे होड्यांतून, चिखलातून दर्शनाला जातात. अशा उघड्या पडलेल्या तळावर, किंवा कमरेएवढ्या पाण्यात, धातुशोधक यंत्र घेऊन कोणी उतरला तर त्याला काय मिळेल? कदाचित देवळाच्या काळातले काही. पण अधिक करून गाडीच्या चाकाची धाव, बैलाची नाल, मोडका विळा, दारावरची कडी, देव्हाऱ्यातली समई असलेच काही. बाजारात ह्यांना किंमत नाही. परंतु ज्या घरांची ही कडी आणि समई, त्या घरांतली माणसे आज नव्या गावठाणांत नांदत आहेत. त्यांनी जमीन दिली, वेशी आणि पार सोडले, तेव्हा कोठे उसाच्या सरींना पाणी लाभले. त्यांच्या गावाचा शेवटचा पुरावा चिखलात पडला आहे. तो कोणी पिशवीत घालून न्यावा, हे इतिहासालाही धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

कायद्याचेही ह्याबाबत म्हणणे आहे. १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती व कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. युनेस्कोने २००१ साली ठरवलेला आंतरराष्ट्रीय करार तर असे सांगतो, की शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेला मानवी वारसा व्यापारासाठी उपसू नये आणि शक्य तोवर जागच्या जागी राखण्याचाच विचार आधी करावा.

ह्याचा अर्थ यंत्र वाईट, असा नव्हे. पुरातत्त्वज्ञही ते वापरतात. पण आवाज आला की ते खूण रोवतात, मोजतात, लिहितात, आणि उकरण्याची घाई करत नाहीत. शोधाची हौस असणाऱ्या तरुणांनी हीच रीत उचलावी. कोणाची अंगठी पाण्यात पडली तर अवश्य शोधून द्यावी. ते पुण्यकर्मच आहे. पण जुनी वस्तू दिसली, तर ती हलवू नये. काठावरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासूनचे अंतर, पाण्याची खोली, तारीख आणि सोबतच्या खापराचा अगदी क्षुल्लक तुकडाही टिपून घ्यावा, छायाचित्र काढावे, आणि तहसील कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांस व पुरातत्त्वाच्या जाणकारांस कळवावे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आपल्याला परके नाही. ह्याच भीमेच्या खोऱ्यात, घोडनदीच्या काठी, इनामगावचे उत्खनन त्या संस्थेने वर्षानुवर्षे केले आहे.

आपल्या वाडवडिलांनी नदीत नाणे सोडले ते परत मिळावे म्हणून नव्हे. ते देणे होते. त्या देण्याला इतिहासाची साक्ष म्हणून जपायचे, की मोडीच्या तराजूत घालायचे, हे यंत्र ठरवणार नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या काठावर उभा राहणारा माणूस ते ठरवील, आणि तो माणूस आपल्यांपैकीच कोणीतरी असेल.