हिरवा शालू आणि मंगळाचं आकाश

परवाच्या शनिवारी शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यातलं सामान आवरत होतो. वाडा पाडून तिथे बिल्डिंग होणार (पेठेत दुसरं होतंय काय म्हणा!), त्यामुळे माळ्यावरच्या सगळ्या ट्रंका खाली आल्या. एका ट्रंकेत आजी-आजोबांचा लग्नातला फोटो सापडला. १९५६ सालचा, ब्लॅक अँड व्हाइट, पण वरून हाताने रंग भरलेला. तेव्हा स्टुडिओत तशी पद्धतच होती. गालांवर गुलाबी, दागिन्यांवर पिवळा आणि आजीच्या शालूला हिरवागार रंग.

या फोटोवरून मी आठवीत असताना आजीशी चक्क भांडलो होतो. ती म्हणायची, "अरे, शालू हिरवा नव्हताच. जांभळा होता. थोरल्या जाऊबाईंचा, एका दिवसापुरता दिलेला. नवा घ्यायला पैसे होते कुठे?" मी म्हणायचो, "आजी, तू विसरलीस. फोटोत हिरवा दिसतोय की!" फोटो म्हणजे पुरावा, त्यापुढे आजीची आठवण ती काय! शेवटी ती "बरं बाबा, हिरवा तर हिरवा" म्हणून कामाला लागली.

आता कळतं की बिचाऱ्या रंगवणाऱ्याचाही फार दोष नव्हता. त्याच्यासमोर होती फक्त करडी छटा. मूळचा रंग जांभळा की हिरवा, हे त्या छटेवरून सांगता येत नाही. मग त्याने ठरवलं, लग्नातला शालू आहे ना, मग हिरवाच असणार.

मंडळी, गंमत अशी की मंगळाच्या बाबतीत हीच चूक नासाकडून झाली होती.

२० जुलै १९७६ ला व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिला रंगीत फोटो आला. विटकरी जमीन, दगड, आणि वर निळसर आकाश! पत्रकार खूश. पण एक-दोन दिवसांतच शास्त्रज्ञांना सांगावं लागलं की माफ करा, आकाश निळं नाही, गुलाबीसर पिवळट आहे. कार्ल सेगनने लिहून ठेवलंय की हे ऐकल्यावर जमलेल्या पत्रकारांनी गमतीत हुर्यो उडवली. मंगळाचं आकाश आपल्यासारखं असावं असं सगळ्यांनाच वाटत होतं ना! व्हायकिंगच्या कॅमेऱ्याचे सेन्सर इन्फ्रारेड प्रकाशही पकडायचे. त्याचा हिशोब नीट होण्याआधी घाईत रंग जुळवले गेले, आणि ते जुळले आपल्या डोळ्यांच्या सवयीप्रमाणे. चूक सापडली कशी? यानावरच रंगांच्या पट्ट्या लावलेल्या होत्या. त्यांचे रंग पृथ्वीवर आधीच मोजलेले होते. फोटोतली पट्टी खऱ्या पट्टीशी जुळेपर्यंत रंग फिरवत गेले, आणि आकाश आपोआप गुलाबी झालं. तिथल्या विरळ हवेत लोहाच्या ऑक्साइडची बारीक धूळ कायम तरंगत असते, हा सगळा तिचा प्रताप.

त्याच्याही आधी, जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ मंगळाजवळून गेलं होतं. त्याचा एकेक फोटो सेकंदाला जेमतेम आठ बिट या वेगाने येत होता. (आज नेट स्लो आहे म्हणून ओरडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) कॉम्प्युटरने चित्र तयार करेपर्यंत इंजिनियर मंडळींना धीर धरवेना. त्यांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारीशेजारी भिंतीवर लावल्या आणि आकड्यांप्रमाणे पेस्टल खडूने रंग भरले! मला हे वाचताना आमच्या फोटोवाल्याची आठवण येते. फरक इतकाच की आपण रंग मनाने भरतोय हे त्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

मग आले रोव्हर. १९९७ चा सोजर्नर साडेदहा किलोचा, मायक्रोवेव्ह ओव्हनएवढा. त्याच्यानंतर जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. ऑफिसात फुकट इंटरनेट होतं आणि जेपीएलवाले रोव्हरकडून आलेले कच्चे फोटो जसेच्या तसे नेटवर टाकत होते. बिल्ड चालू असताना मी मंगळ बघत बसायचो.

या रोव्हरचा मुख्य कॅमेरा एक मेगापिक्सेलचा, आणि मुळात ब्लॅक अँड व्हाइट! त्याच्यापुढे फिल्टरची एक चकती फिरायची. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन फोटो काढायचे आणि पृथ्वीवर ते एकत्र करायचे, की झाला रंगीत फोटो. रोव्हरवर एक छोटी सूर्यतबकडी बसवली होती. तिच्या चार कोपऱ्यांत निळा, लाल, पिवळा, हिरवा असे चार ठिपके, मध्ये राखाडी वर्तुळं आणि एक उभी दांडी. दांडीच्या सावलीत फक्त आकाशाचा उजेड पडतो आणि सावलीबाहेर सूर्याचाही. दोन्ही मोजले की तिथला उजेड कुठल्या रंगाचा आहे ते कळतं. तबकडीवर लिहिलं होतं, 'दोन जगं, एक सूर्य'.

आणि इथेच बोंब झाली. काही फोटोंत निळा ठिपका चक्क गुलाबी दिसायला लागला. झालं! नासा रंग बदलून फसवतंय, मंगळाचं निळं आकाश लपवतंय, असे इमेल फिरायला लागले. एक मलाही आला होता, आणि खोटं कशाला बोलू, मी तो फॉरवर्ड करणारच होतो. खरं कारण साधं होतं. दगडांतली खनिजं ओळखायला सोपं जावं म्हणून बऱ्याचदा लाल फिल्टरऐवजी इन्फ्रारेड फिल्टरने फोटो घेतले जायचे. ठिपक्याचा निळा रंग इन्फ्रारेडमध्ये खूप चमकतो, म्हणून लालच्या जागी इन्फ्रारेड घातलं की तो गुलाबी दिसतो. म्हणजे ठिपका आपलं काम चोख करत होता. तो सांगत होता, "हा फोटो डोळ्यांनी दिसेल तसा नाही बरं का!"

आता प्रश्न असा की मंगळाचा 'खरा' फोटो कोणता? ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटीचे फोटो बघा. एकाच जागेचे दोन-दोन प्रकार मिळतात. एकात सगळं पिवळट-तांबूस, तिथे उभं राहिलो तर साधारण दिसेल तसं. दुसऱ्यात उजेड पृथ्वीवरच्या दिवसासारखा करून घेतलेला. दुसरा प्रकार कशासाठी? तर भूगर्भशास्त्रज्ञांसाठी. त्यांचे डोळे दगड ओळखायला शिकलेत ते इथल्या उन्हात.

इथे आपला महाराष्ट्र येतो. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा, आणि आपलं दख्खनचं पठारही बेसाल्टचंच. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर म्हणजे याच बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. ते ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे, यावर १९७३ मध्ये सायन्स मासिकातल्या शोधनिबंधाने जवळपास शिक्कामोर्तब केलं. बेसाल्टमधली इतकी नीट टिकलेली आघात-विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड तपासतात. मंगळावरच्या विवराची तुलना करायला हाताशी एक विवर हवं ना!

आणि लाल रंगाचं म्हणाल तर तो बराचसा वरवरचा. फेब्रुवारी २००४ मध्ये स्पिरिटने अ‍ॅडिरॉन्डॅक नावाचा दगड घासला, तर आतून गडद राखाडी. २०१३ मध्ये क्युरिऑसिटीने एका खडकाला भोक पाडलं, तर भुकटी राखाडी. मी हे वाचून आमच्या वाड्याच्या जोत्याकडे बघितलं. काळा दगड, म्हणजे बेसाल्टच. शनिवारवाड्याच्या तटाखालीही तोच. महाबळेश्वरला याच बेसाल्टचा झिजून-गंजून लालभडक जांभा झालाय.

आता पुन्हा फोटोकडे. आईला विचारलं, तर तिने आतून एक गोधडी आणून माझ्यापुढे टाकली. मधोमध एक विरलेला तुकडा, कडेला जरीचे दोन-चार धागे. "हा तोच शालू. जाऊबाईंनी नंतर आजीलाच देऊन टाकला. फाटला तेव्हा तिने गोधडीत लावला." तुकडा जांभळा होता. विटलेला, पण जांभळाच.

म्हणजे पुरावा घरातच होता. मी त्यावर झोपलोही असेन, आणि आजीला मात्र विसरभोळी ठरवलं. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली. हे तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

रविवारी फोटो स्कॅन केला आणि गोधडीवरून रंग घेऊन शालू जांभळा करायला बसलो. अडचण अशी की तुकडाही साठ वर्षांत विटलेला. रोव्हरवाल्यांनाही हा त्रास आहेच, त्यांच्या ठिपक्यांवर धूळ बसते. क्युरिऑसिटीच्या ठिपक्यांखाली त्यासाठी लोहचुंबक बसवलेत. धूळ त्यांच्याभोवती जमते आणि मधला भाग जरा स्वच्छ राहतो. मला शिवणीच्या आत दुमडलेला बोटभर भाग सापडला. तिथे ऊन लागलेलं नव्हतं. तोच रंग घेतला.

मूळ हिरवा फोटो तसाच ठेवलाय, तोही इतिहासच. त्याच्या मागे लिहिलं, 'रंग स्टुडिओत अंदाजाने भरलेले.' नव्या प्रिंटच्या मागे लिहिलं, 'शालूचा रंग गोधडीवरून, बाकीचे रंग माहीत नाहीत.' आणि नव्या घरी गेल्यावर ती गोधडी कोणी मशीनला लावायची नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.