कोविड केअर सेंटर

कोविड केअर सेंटर : करोना साथीत सौम्य लक्षणांच्या किंवा लक्षणे नसलेल्या बाधितांना रुग्णालयाबाहेर, म्हणजे शाळा, वसतिगृह किंवा मंगल कार्यालयात ठेवून त्यांची देखरेख करण्याची तात्पुरती व्यवस्था. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ७ एप्रिल २०२० रोजी उपचारांच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या. सौम्य रुग्णांसाठी हे सेंटर, मध्यम आजारासाठी समर्पित कोविड आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित कोविड रुग्णालय. प्रत्येक सेंटर वरच्या पायऱ्यांशी आधीच जोडलेले हवे आणि प्राणवायूची सोय असलेली रुग्णवाहिका चोवीस तास तयार हवी, अशी त्यात अट होती. साथीच्या काळात बातम्या आल्या त्या कुठे किती खाटा टाकल्या याच्या. सेंटरचा खरा उपयोग मात्र या अटीवरच अवलंबून होता, आणि मुरुमसारख्या गावाच्या नजरेने पाहिले की ते लगेच पटते.

मुरुम हे धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातले कर्नाटकाच्या सीमेजवळचे नगरपरिषदेचे गाव. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, उमरग्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याचे ठिकाण किंवा सोलापूर गाठावे लागते. राज्यात ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे असते. ग्रामीण भागासाठी १६ मे २०२१ रोजी निघालेल्या केंद्राच्या सूचनांनुसार ८० ते ८५ टक्के बाधितांना लक्षणे नसतात किंवा सौम्य असतात. या सगळ्यांना रुग्णालयात घेतले तर आठवडाभरात खाटा भरतील आणि बाळंतीण, साप चावलेला शेतमजूर, अपघातातला जखमी यांना दारातूनच परत फिरावे लागेल. चीनमधील वुहान शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये हीच वेळ आली होती. तिथे प्रदर्शनाची दालने आणि क्रीडागृहे ताब्यात घेऊन अशी १६ केंद्रे उघडली गेली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती बंद होईपर्यंत सुमारे १२ हजार रुग्ण त्यांतून गेले.

मग सौम्य रुग्णाने घरीच का राहू नये? स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास आणि देखभालीला निरोगी माणूस असेल तर जरूर राहावे. २०२० च्या उन्हाळ्यापासून सरकारी सूचनांनीही ते मान्य केले होते. पण हे तिन्ही किती घरांत असते? १९९३ च्या भूकंपानंतर तेव्हाच्या उमरगा तालुक्याच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या लोहारा तालुक्यात, पुनर्वसित गावांत भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबांना २५० चौरस फुटांची घरे मिळाली. अशा घरात सासू-सासरे, नवरा-बायको आणि मुले राहत असतील तर विलगीकरण म्हणजे दोन अंथरुणांमध्ये सोडलेली हातभर जागा. चीनमध्ये गेलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त पथकाला ग्वांगडोंग आणि सिचुआन प्रांतांत संसर्गाचे ७८ ते ८५ टक्के समूह कुटुंबांतच आढळले होते.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यास एकत्र केलेल्या विश्लेषणात घरातल्या सहवासितांपैकी सरासरी १६.६ टक्क्यांनाच लागण झाल्याचे दिसले. शिवाय हा विषाणू लक्षणे दिसण्याआधीच पसरू लागतो. तशा संसर्गाचा वाटा ४४ टक्के असल्याचा एक अंदाज होता. म्हणजे अहवाल येऊन रुग्ण सेंटरात पोहोचेपर्यंत निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. हे खरे आहे, आणि म्हणूनच सेंटरमुळे साखळी तुटते हा दावा जपून करायला हवा. पण उरलेले निम्मे वाचते, आणि सरासरीच्या आत जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. लहान घरात, म्हाताऱ्या माणसांजवळ, ते निम्मेही मोठे असते.

तरीही माझ्या मते सेंटरच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा संसर्गाचा नाही, प्राणवायूचा आहे. या आजारात माणूस बोलत-चालत असतो, धाप लागलेली नसते, आणि रक्तातला प्राणवायू मात्र उतरत असतो. नीट चालवलेल्या सेंटरात यावरचा उपाय साधा होता. सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत मांडायचा, मग रुग्णाला शाळेच्या व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावून पुन्हा मोजायचे. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनहून अधिक अंकांनी घसरला की त्याला वर पाठवायचे. हे घरीही जमते, पण मोजणारा, आकड्याचा अर्थ कळणारा आणि रात्री दोन वाजता गाडी मागवू शकणारा माणूस लागतो. मोठे रुग्णालय जितके दूर, तितकी ही काही तासांची आघाडी मोलाची. वही नसलेले आणि गाडी नसलेले सेंटर म्हणजे नुसती कोंडवाड्याची जागा.

२५ मे २०२१ रोजी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी बाधितांचे प्रमाण जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना सेंटरात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यात उस्मानाबाद होते. गावातल्या विलगीकरण कक्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून २५ टक्के रक्कम वापरण्याची मुभाही देण्यात आली. हेतू योग्य होता. सरसकटपणा योग्य नव्हता. पाच खोल्यांच्या वाड्याला आणि एका खोलीच्या घराला एकच नियम लावला की लोक चाचणीच टाळतात. पुण्याने हे १८९७ च्या प्लेगमध्ये अनुभवले होते. घरझडत्या आणि छावण्यांच्या सक्तीमुळे तेव्हा लोक रुग्ण दडवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात रुग्ण स्वतः आणून त्यांची सेवा केली आणि १० मार्चला प्लेगनेच त्या गेल्या. रुग्ण सोबत आले ते विश्वासामुळे.

सुरक्षिततेचा आक्षेपही टाळता येत नाही. ९ ऑगस्ट २०२० रोजी विजयवाड्यात कोविड केंद्र केलेल्या हॉटेलला आग लागून १० जण मृत्युमुखी पडले. जुलै २०२० मध्ये पनवेलच्या विलगीकरण केंद्रात महिलेवर अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. इमारतीची वीजजोडणी तपासणे, स्त्रियांचा वेगळा विभाग आणि रात्रपाळीला महिला कर्मचारी या गोष्टी खाटांच्या आधी यायला हव्यात. त्याहून दुर्लक्षित राहिला तो मागे उरलेल्या घराचा प्रश्न. सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, चाचणीविना सोडण्याचा नियम मे २०२० पासून होता. मेअखेर, मृगाच्या पेरणीच्या तोंडावर, हे दहा दिवस कुठून काढायचे? तेवढ्या काळात गोठ्यातल्या जनावरांचे दाणापाणी कोण बघणार, आईच सेंटरात गेली तर धाकट्या मुलाला कोण सांभाळणार आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हे आदेशात लिहिलेले नव्हते. वित्त आयोगाच्या त्या २५ टक्क्यांतला काही भाग या कामांसाठीही राखून ठेवायला हवा होता.