नोंदवहीचा धनी कोण?

देवळाली प्रवरेच्या श्रोत्यांना मालकीचा प्रश्न नवा नाही. शेजारी लोणीस १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने ऊस पिकविणाराच कारखान्याचा धनी झाला. संगणकाच्या जगात असाच लढा १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी आरंभिला. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा रचला. १९९२ साली तो जीपीएल परवान्याखाली आला. वाचा, बदला, वाटा. पण पुढच्याचा तोच हक्क हिरावू नका, हे त्याचे सार.

आमच्या संघटनेची सभासद-नोंदवही परक्याच्या संगणकावर होती. वर्गणी थकताच तिला कुलूप लागले. आता जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून ती आम्ही घरीच ठेवतो. यंत्र बिघडले तर दोष आमचाच. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या घरी असते. धनीपणाबरोबर राखणही येते.